खाऱ्या सरोवराकाठी नवा जन्म

अमेरिकेच्या पश्चिम भागातील युटा राज्यात जॉर्डन नावाची एक नदी आहे. पवित्र भूमीतील यार्देन ज्याप्रमाणे गालील सरोवराचे गोडे पाणी घेऊन निघते आणि मृत समुद्रास जाऊन मिळते, त्याचप्रमाणे ही नदीही युटा सरोवराचे गोडे पाणी घेऊन निघते व ग्रेट सॉल्ट लेक या अफाट खाऱ्या सरोवरात विलीन होते. फरक एवढाच की यार्देन दक्षिणेकडे वाहते आणि ही उत्तरेकडे. त्या सरोवरातून पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही. जे येते ते उन्हाने आटते आणि मीठ मागे राहते. अलीकडे नद्यांचे पाणी शेतांकडे व शहरांकडे इतके वळविले गेले आहे की २०२२ साली सरोवराची पातळी आजवरच्या नोंदींतील नीचांकास पोहोचली. काठावर उभे राहिले असता दूरवर पांढरट चिखल दिसतो, आणि त्यापलीकडे आभाळात मिसळून गेलेली पाण्याची एक रेघ.

नदीला हे नाव देणारे लोक १८४७ च्या जुलै महिन्यात येथे आले. हजाराहून अधिक मैलांचे माळरान बैलगाड्यांनी तुडवून, वाटेत आपली माणसे पुरून ते या खोऱ्यात उतरले आणि सभोवारचे डोंगर, गोडे सरोवर, खारे सरोवर व मधली नदी पाहून त्यांना वाटले, हाच आपला वचनदत्त देश. जग त्यांना मॉर्मन म्हणते. त्यांच्या संस्थेचे खरे नाव ‘अंतिम दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी’ असे लांबलचक आहे, आणि लोकांनी आपणांस याच नावाने ओळखावे असे त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली आवर्जून सांगितले. लिहिण्याच्या सोयीसाठी मी मॉर्मन हाच शब्द वापरतो; त्यात अनादर नाही.

हे लोक आपल्या देशाला अगदीच अपरिचित आहेत असे नाही. त्यांचे धर्मप्रचारक १८५० च्या दशकातच मुंबईस व पुण्यास येऊन गेले होते, आणि भारतातील त्यांचा पहिला धर्मप्रांत २०१२ साली हैदराबाद येथे स्थापन झाला. पांढरा सदरा, गळपट्टी आणि छातीवर काळी नामपट्टी अशा वेषातील दोन तरुण आपल्या दारी आले आणि ‘तुमचा नवा जन्म झाला आहे काय?’ असे विचारू लागले, तर काय उत्तर द्यावे, हा प्रश्न काही परदेशचा नाही. माझ्यापुरता तर तो घरचाच झाला आहे. कारण माझा धाकटा पुतण्या सॉल्ट लेक सिटी येथे नोकरीस आहे आणि त्याची पत्नी मॉर्मन घराण्यातील आहे. त्यांना मुलगा झाला, तो पाच महिन्यांचा असताना मी तेथे महिनाभर राहिलो. गावाहून वहिनींचा दर रविवारी फोन येई आणि विचारपूस झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला असे : “भाऊजी, नातवाच्या स्नानसंस्काराचे काय ठरले?”

शहर मोठे नेटके आहे. रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे, आणि त्यांचे क्रमांक मंदिराच्या चौकापासून मोजलेले. म्हणजे कोणाच्याही घराचा पत्ता वाचला की ते घर मंदिरापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेस आहे हे कळावे! मधोमध ते मंदिर. १८५३ च्या ६ एप्रिलला पायाचा दगड बसला आणि १८९३ च्या ६ एप्रिलला समर्पणविधी झाला. मोजून चाळीस वर्षे. दगड वीस मैलांवरील लिटल कॉटनवुड नावाच्या दरीतून आणला, प्रथम बैलांच्या जोड्यांनी आणि पुढे आगगाडीने. सहा मनोरे, आणि पूर्वेकडील मधल्या मनोऱ्यावर मोरोनी नामक देवदूताचा तुतारी फुंकणारा सोनेरी पुतळा. भूकंपापासून संरक्षण म्हणून २०१९ च्या डिसेंबरअखेर मंदिर बंद करून पायाचे काम हाती घेतले, तोच २०२० च्या मार्चमध्ये खरोखरीच भूकंप झाला आणि देवदूताच्या हातातील तुतारी खाली पडली. मॉर्मनेतरांना या मंदिरात एरवी प्रवेश नसतो. दुरुस्तीनंतर पुनःसमर्पणापूर्वी, २०२७ मध्ये, काही महिने ते सर्वांना खुले ठेवण्याचे त्यांनी जाहीर केले आहे.

चौकाच्या उत्तरेच्या रस्त्याखालून सिटी क्रीक नावाचा एक ओढा वाहतो. आता तो बहुतेक नळातून जातो, दिसत नाही. पण माझ्या मते या शहरातील सर्वांत अर्थपूर्ण जागा हीच. खोऱ्यात येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच, १८४७ च्या ऑगस्टमध्ये, या लोकांनी त्या ओढ्याला बांध घातला आणि त्यांचे पुढारी ब्रिगम यंग यांच्यापासून आरंभ करून सर्वांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पुन्हा, हा शब्द लक्षात ठेवावा. ज्यांचा बाप्तिस्मा पूर्वी झालेला होता, त्यांच्याच मंडळीत झालेला होता, तेच लोक नव्या भूमीत नवा आरंभ म्हणून पुन्हा पाण्यात उतरले. पुढे १८५६-५७ च्या धर्मसुधारणेच्या लाटेतही हजारो लोकांनी तसेच केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा बंद झाली. आता ते दर रविवारी भाकर आणि पाणी सेवन करतात (द्राक्षारस नव्हे, पाणी) आणि त्यायोगे बाप्तिस्म्याच्या वेळी केलेल्या कराराचे नूतनीकरण होते असे मानतात.

आपल्याकडे असे होऊ शकत नाही. स्नानसंस्कार एकदाच. माणूस पापात बुडाला, धर्म सोडून गेला, चाळीस वर्षांनी परतला, तरी त्याला प्रायश्चित्त संस्कार आहे. पुन्हा स्नानसंस्कार नाही. आत्म्यावर उमटलेला तो ठसा पुसला जात नाही, असे ख्रिस्तसभा शिकविते. माणूस आईच्या पोटी दोनदा जन्मत नाही, तसाच कृपेतही दोनदा जन्मत नाही.

येथे भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. मराठीत ‘पुनर्जन्म’ म्हटले की आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा उभा राहतो. म्हणून शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात तो शब्द न घेता ‘नव्याने जन्मणे’ असे म्हटले जाते. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम रात्री येशूकडे येतो आणि म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मणार, असे विचारतो. त्यावर पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्यावाचून कोणाचा देवाच्या राज्यात प्रवेश होत नाही, असे उत्तर त्याला मिळते. सर्व ख्रिस्ती पंथ या वचनावर उभे आहेत, आणि मॉर्मन लोकही. वाद आहे तो पुढचा : हा जन्म कोण देतो, कोणाला देतो, आणि आधी तो मनुष्य कोण असतो?

या शेवटच्या प्रश्नात सारे आले आहे. मॉर्मन लोक मानतात की पृथ्वीवर येण्यापूर्वी प्रत्येक मनुष्याचा आत्मा स्वर्गीय पित्याचे खरेखुरे अपत्य म्हणून अस्तित्वात होता. (हा आपल्याकडील पुनर्जन्म नव्हे, पृथ्वीवर एकदाच येणे, एकदाच मरणे, हे त्यांनाही मान्य आहे.) आदामाच्या उल्लंघनाचा दंड त्याच्या वंशजांना नाही, प्रत्येकास शिक्षा स्वतःच्याच पापाची, हे त्यांच्या श्रद्धाकलमांपैकी दुसरे कलम आहे. तेव्हा जन्मलेले मूल देवाचे आधीपासूनच आहे; ते निर्मळ आहे; त्याला धुवायचे ते काय? पुढे ते कळते होते, चुका करते, आणि मग पश्चात्ताप करून देवाशी करार करते. त्यासाठी आठ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यापूर्वी बाप्तिस्मा नाही. तान्ह्या मुलाला मंडळीसमोर हातांवर धरून नाव देतात व आशीर्वाद देतात, इतकेच. लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचा तर ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या त्यांच्या पुस्तकात, मोरोनी नावाच्या भागाच्या आठव्या अध्यायात, अतिशय कडक शब्दांत निषेध आहे. तो अध्याय मी पुतण्याच्या घरीच वाचला, आणि खरे सांगायचे तर पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो.

आपली शिकवण दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. मनुष्य ही देवाची निर्मिती आहे, त्याच्या प्रतिमेची आहे, पण देवाचे लेकरू होणे हे तिचे जन्मजात स्वत्व नाही. ते दान आहे. मूळ पाप म्हणजे बाळाने केलेला गुन्हा नव्हे. जी कृपा त्याला वारशाने मिळावयाची ती न मिळाल्याने आलेले रितेपण. स्नानसंस्कारात ते रितेपण भरते आणि देव त्या जिवाला दत्तक घेतो. दत्तक घेताना बाळाला कोणी विचारीत नाही.

प्रॉटेस्टंट बंधूंतही येथे एकमत नाही. ल्यूथरपंथीय व अँग्लिकन लोक आपल्याप्रमाणेच बालकांना बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारखे अनेक पंथ मात्र नवा जन्म हृदयात होतो असे मानतात. मनुष्य विश्वास ठेवतो त्या क्षणी तो होतो, आणि पाणी ही त्याची मागाहून दिलेली साक्ष. मॉर्मन धर्माचा संस्थापक जोसेफ स्मिथ (जन्म १८०५) हा न्यूयॉर्क राज्याच्या ज्या भागात वाढला तेथे त्या काळी अशा जागृतीसभांचे पेव फुटले होते; आज या पंथाचा उपदेशक, उद्या त्या पंथाचा, आणि प्रत्येकाचे म्हणणे ‘आमच्याकडे या, म्हणजे नवा जन्म मिळेल.’ त्या गोंधळातूनच आपण कोणता पंथ धरावा हे देवाला विचारण्यासाठी तो रानात गेला, असे तो सांगे. म्हणून त्याच्या ग्रंथात त्या काळाचा हा प्रश्न ठायी ठायी दिसतो. राजा बेंजामिनचे प्रवचन ऐकून प्रजेचे अंतःकरण पालटते. आल्मा नावाचा उनाड तरुण देवदूताच्या दर्शनाने निश्चेष्ट पडतो आणि उठतो तो देवापासून जन्मलेला होऊन. दमास्कसच्या वाटेवरील पौलाची आठवण व्हावी अशी ही कथा आहे. अंतःकरणाचा पालट, हा त्यांच्या नव्या जन्माचा गाभा. पण बाप्टिस्टांप्रमाणे ते तेथेच थांबत नाहीत. पाणी हवेच, पूर्ण बुडवूनच हवे, आणि त्यानंतर डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याचे दान देणे हवे. पाण्याचा बाप्तिस्मा आणि अग्नीचा बाप्तिस्मा, असे ते म्हणतात. आपल्या स्नानसंस्काराची व दृढीकरणाची जोडी येथे आठवल्यावाचून राहत नाही.

बुडविण्याबाबत ते किती काटेकोर आहेत हे ऐकण्यासारखे आहे. दोन साक्षीदार कुंडाशेजारी उभे असतात. पायाचा अंगठा किंवा केसांची बट जरी पाण्याबाहेर राहिली तरी विधी पुन्हा करावा लागतो. बाप्तिस्मा देणारा त्यांच्या याजकपदाचा अधिकारी असलाच पाहिजे, मग तो सोळा वर्षांचा मुलगा का असेना. हा अधिकार प्रेषितांच्या मागे पृथ्वीवरून लुप्त झाला होता व १८२९ च्या १५ मे रोजी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतः प्रकट होऊन तो जोसेफ स्मिथ व ऑलिव्हर काउडरी यांना दिला; मग त्या दोघांनी सस्क्वेहाना नदीत एकमेकांना बाप्तिस्मा दिला, अशी त्यांची श्रद्धा आहे. परिणामी कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, दुसऱ्या कोणाचाही बाप्तिस्मा ते मानीत नाहीत. आपल्याकडे याच्या अगदी उलट. संकटकाळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली सुईणसुद्धा, ख्रिस्तसभेला अभिप्रेत आहे ते करण्याच्या हेतूने, बाळाच्या मस्तकावर पाणी ओतून ते शब्द उच्चारील, तर संस्कार खरा. अधिकार सुईणीचा नव्हे, करणारा ख्रिस्त.

माझे व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील, निवृत्त शाळामास्तर आहेत. मोठे सालस गृहस्थ. चहाकॉफी, दारू, तंबाखू कशाला स्पर्श नाही. पण पाहुण्याच्या आवडीचा विचार इतका की माझ्यासाठी चहाची पूड त्यांनी स्वतः बाजारातून आणून ठेवली होती. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, “ज्याला प्रश्न कळत नाही, उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून देव कसला करार लिहून घेणार?” मी म्हणालो, “लेकरू आईचे दूध करार करून पीत नाही.” ते हसले. मग म्हणाले, “दूध आहेच. पण पान्हा मिळावा म्हणून त्याला आधी कोणी धुऊन शुद्ध करीत नाही ना?” माझ्याजवळ उत्तर होते, पण त्यांच्या म्हणण्यातला जिव्हाळा मला ठाऊक होता, आणि मला आमच्या आजीची आठवण झाली होती.

आमच्या आजीचे दुसरे मूल पावसाळ्यात रात्री जन्मले. ओढ्यांना पूर आलेला, धर्मगुरू पलीकडच्या गावी, घरात दोन घाबरलेल्या बायका. पाणी ओतावे हे कोणाला सुचले नाही. सकाळपर्यंत मूल गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला मंतरलेल्या भूमीत जागा मिळाली नाही. स्मशानभूमीच्या गडग्याबाहेर पुरले. आजी नव्वदीपर्यंत जगली. दर २ नोव्हेंबरला सर्वांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की शेवटची एक मेणबत्ती पदराआड धरून ती गडग्याबाहेर जाई. तिला कोणी अडवीत नसे आणि तिच्याबरोबर कोणी जातही नसे.

मॉर्मन माणूस त्या आजीला सांगेल, बाई, तुझे मूल थेट स्वर्गाच्या सर्वोच्च स्थानी आहे. त्याला नव्या जन्माची गरजच नव्हती. हा दिलासा मोठा आहे, आणि तो हलका लेखणारा माणूस कधी गडग्याबाहेर उभा राहिलेला नसावा. आपल्या धर्मपंडितांत दीर्घकाळ ‘लिंबो’चे मत चालत आले : अशी बालके दुःखात नसतात, पण देवाच्या दर्शनासही मुकतात. ते कधीच श्रद्धेचे कलम नव्हते, तरी खेड्यापाड्यांत ते कलमासारखेच वागले. २००७ साली रोममधील आंतरराष्ट्रीय धर्मपंडितांच्या मंडळाने या प्रश्नावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत असे म्हटले. आशा, खात्री नव्हे. व्याही म्हणतील, मग आमची खात्री बरी नाही काय? पण ती खात्री त्यांनी गरज वजा करून मिळविली आहे. बाळाला नव्या जन्माची गरज नाही म्हटले की तो न मिळाल्याचे दुःख उरत नाही, हे खरे. पण मग देवाने त्याला कडेवर उचलून घेण्याचे सुखही आठ वर्षे पुढे ढकलावे लागते. मला विचाराल तर गरज कबूल करून दयाळू बापावर हवाला ठेवणे हे मला अधिक खरे वाटते. आजीला ते २००७ पूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, हेही तितकेच खरे.

मंदिराच्या चौकातून पूर्वेस साउथ टेंपल या रस्त्याने पाऊण किलोमीटरभर चढत गेले की डाव्या हातास मॅडेलीन कॅथीड्रल लागते. मग्दालिया मरियेच्या नावाचे हे चर्च आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लॉरेन्स स्कॅनलन या पहिल्या बिशपांनी बांधविले. १९०० साली काम सुरू झाले, १९०९ च्या १५ ऑगस्टला कार्डिनल गिबन्स यांच्या हस्ते अर्पणविधी झाला. बाहेरून जड, करड्या दगडाचे. आत मात्र रंगांची उधळण. मॉर्मन सभागृहांत क्रूस नसतो, मूर्ती नसतात. तेथे महिनाभर वावरलेल्या डोळ्यांना येथे एकदम घरी आल्यासारखे होते.

फादर स्कॅनलन १८७३ साली या प्रदेशात आले तेव्हा सारा युटा पायाखाली घालणारे कॅथलिक धर्मगुरू ते जवळजवळ एकटेच होते. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. दक्षिणेकडे सिल्व्हर रीफ नावाच्या गावी चांदीच्या खाणी निघाल्या आणि तेथे कॅथलिक खाणकामगार जमले. जवळच्या सेंट जॉर्ज या मॉर्मन नगरातील पुढाऱ्यांनी फादरांना आपले मोठे सभागृह मिस्सासाठी देऊ केले. फादर म्हणाले, गायकवृंद हवा, आणि मिस्साचे गायन लॅटिनमध्ये. मॉर्मन गायकवृंदाने लॅटिन शिकून घेतले, आणि १८७९ च्या मे महिन्यात मॉर्मन सभागृहात, मॉर्मन कंठांतून, गायनासह लॅटिन मिस्सा झाली. गायनाच्या मिस्सात श्रद्धांगीकार येतो, आणि पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा आहे हे त्या अंगीकारातले एक कलम. ज्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतः दोनदा बाप्तिस्मा घेतला असेल, त्यांनी ते कलम कोणत्या मनाने गायिले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. शेजारधर्म मात्र खरा होता.

आता तो प्रश्न, ज्याने आमच्या घरात काही दिवस अबोला आणला. मॉर्मनांचा बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा मानते काय? पाणी खरे आहे. शब्दही, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, असेच आहेत. म्हणून पूर्वी अनेक ठिकाणी तो ग्राह्य धरला जाई. २००१ च्या ५ जूनला रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीने व पोप दुसरे जॉन पॉल यांच्या संमतीने, एका शब्दात उत्तर दिले : नाही. कारण शब्द तेच असले तरी अर्थ ते नाहीत. आपण तीन व्यक्ती, एक देव मानतो. मॉर्मन पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना तीन पृथक् देव-व्यक्ती मानतात, ज्यांची एकता हेतूची आहे. आणि पित्याला मांसाचे व अस्थींचे शरीर आहे, असे म्हणतात. तेव्हा ज्या नावाने नवा जन्म द्यावयाचा ते नावच निराळे झाले. एखाद्या ल्यूथरपंथीयाचा बाप्तिस्मा रोम मानते, मॉर्मनाचा नाही, याचे कारण हे. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट मंडळीनेही २००० साली असाच निर्णय केला होता.

निर्णय कागदावर स्वच्छ आहे. घरात तो तितका स्वच्छ राहत नाही. पुतण्याच्या विवाहाच्या वेळी बिशपांकडून जी मुभा घ्यावी लागली ती प्रॉटेस्टंट वधूसाठी लागते ती नव्हे, तर स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी विवाह करताना लागते ती. सूनबाईंना हे नंतर कोणीतरी समजावून सांगितले. त्यांनी मला एकदा भांडी पुसता पुसता विचारले, “काका, आठव्या वर्षी पांढरे कपडे घालून मी बाबांचा हात धरून पाण्यात उतरले. बाहेर आले तेव्हा मी रडत होते, भीतीने नव्हे. ते मग काय होते?” मी सांगितले, की देवाने तारण स्नानसंस्काराशी बांधले आहे, पण देव स्वतः त्याच्या संस्कारांनी बांधलेला नाही, असे आमचीच धर्मशिकवण म्हणते, त्या दिवशी तुझ्या हृदयाशी त्याने काय केले ते नाही म्हणण्याचा अधिकार रोमने स्वतःकडे घेतलेला नाही. त्यांनी ऐकून घेतले. समाधान झाले असे मी म्हणणार नाही.

मृतांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या मंडळींच्या कानांवर याच्याच कथा अधिक येतात. पाण्यावाचून प्रवेश नाही, आणि अधिकार तर अठरा शतके पृथ्वीवर नव्हता, मग मधल्या काळात मेलेल्या कोट्यवधी माणसांचे काय? जोसेफ स्मिथने १८४० साली उत्तर दिले : जिवंतांनी त्यांच्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे, त्याचा ते आधार घेतात. मंदिरांतील कुंडे शलमोनाच्या मंदिरातील पात्राप्रमाणे बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेली असतात, आणि बारा-तेरा वर्षांची मुलेमुली एकामागून एक मृतांच्या नावाने त्यांत बुडी घेतात. मृताने परलोकात ते स्वीकारावे वा नाकारावे. नावे शोधण्यासाठी यांनी जगभरच्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेतली. चौकाच्या पश्चिमेस त्यांचे वंशावळींचे प्रचंड ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले आहे, आणि मूळ फिती, ज्या दरीतून मंदिराचा दगड आला तिच्याच डोंगराच्या पोटात कोरलेल्या तिजोरीत आहेत. यातून दुःखेही उद्भवली. नाझी छळात मारल्या गेलेल्या यहुद्यांची नावे आढळली, तेव्हा यहुदी संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९५ साली मॉर्मनांनी ते थांबविण्याचे मान्य केले. रोमनेही २००८ च्या एप्रिलमध्ये बिशपांना कळविले की धर्मग्रामांच्या नोंदवह्या या कामासाठी देऊ नयेत.

मृतांना न विसरणे ही वृत्ती मात्र आपल्याला परकी नाही. आपण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पितो, कबरीवर फुले ठेवतो. पण आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांच्या वतीने जन्म घेत नाही. ज्याचा जन्म त्यालाच घ्यावा लागतो. व्याह्यांनी आपल्या खापरपणजोबांची वंशावळ मला भिंतीवर दाखविली तेव्हा प्रत्येक नावापुढे एक बारीक तारीख होती. त्या माणसांना मरून दीडशे वर्षे झाल्यानंतरची ती तारीख.

नातवाचे शेवटी असे ठरले. विवाहाच्या वेळी मुलांना कॅथलिक स्नानसंस्कार देण्यासाठी शक्य ते सारे करीन, असे वचन पुतण्याने दिलेले होते आणि सूनबाईंना ते ठाऊक होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉर्मन सभेत आजोबांनी बाळाला हातांवर धरून नाव दिले, आशीर्वाद दिला. पुढच्या रविवारी त्यांच्या धर्मग्रामात स्नानसंस्कार झाला. धर्मपिता म्हणून केरळचा एक कॅथलिक मित्र उभा राहिला. दुसऱ्या पंथातील, पण स्नानसंस्कार झालेल्या ख्रिस्ती माणसास धर्मपित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभे राहता येते. व्याह्यांना तेही पद घेता येणार नव्हते, आणि धर्मगुरूंनी ते आधीच घरी येऊन, आदराने, सांगितले होते. ते म्हणाले, “मी मागे उभा राहीन.” पाणी तीनदा मस्तकावर पडले तेव्हा बाळ जोराने रडू लागले. गावाकडे रात्र होती. वहिनी फोनवर जाग्या होत्या. व्याही मागून दोन पावले पुढे आले आणि खांद्यावरचा टॉवेल त्यांनी सूनबाईंच्या हाती दिला.